बंदारवेल्याची खबर

आमच्या वस्तीवरून लंकेला जाऊन आलेला मी एकटाच, आणि त्याचं कौतुक अजून सरलेलं नाही. कुणाच्या लग्नात, देवळाच्या सप्त्यात, अंथुर्ण्याच्या स्टँडवर कुणी ना कुणी मला पुढं ओढतं आणि पाहुण्याला सांगतं, हे आमचे मास्तर, लंकेला जाऊन आलेत. मग ठरलेली थट्टा सुरू होते. शेपूट कुठं ठेवलंत, आग लावून आलात की तसेच परतलात. मीही हसतो. आगबोटीचं सांगतो, चहाच्या डोंगरांचं सांगतो आणि तिथंच थांबतो. त्यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहितो आहे तेही मन हलकं होईल म्हणून नाही. ते हलकं होण्यातलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी गेलो नसतो तर बरं झालं असतं. सुट्टीत घरी लोळत पडलो असतो, तीन महिने तोंड मिटून बसलो असतो, तरी एका बाईचा जन्म मार्गी लागला असता. मी समुद्र ओलांडून गेलो आणि तो मोडून आलो.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, लढाईच्या दिवसांत घर सोडून गेला. कारण म्हणाल तर पाणी. आमचा मळा डाव्या कालव्यावर. कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं, आणि पाळीवरून आमच्याकडं सख्ख्या भावांची डोकी फुटलेली आहेत. दादानं एकदा दुसऱ्याच्या पाळीचं पाणी आपल्या वांग्यांना फिरवलं. वडील गेल्यावर घर पाहत होते ते आमचे चुलते, तात्या. त्यांनी चार माणसांत, नव्या नवरीसमोर, दादाच्या थोबाडीत मारली. दादानं खांद्यावरचं फावडं बांधावर ठेवलं, चालत बारामती गाठली आणि दौंडच्या छोट्या गाडीत बसला. पुढं दोन महिन्यांनी पत्र आलं ते फौजेतनं. वहिनीला घरात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

पत्रं येत राहिली. त्याची पलटण लंकेत, डोंगरातल्या छावणीत होती. लढाई संपली त्याच्या पुढच्या साली, माघात, शेवटचं पत्र आलं. सुटका झाली आहे, इथं बंदारवेला म्हणून डोंगरातलं गाव आहे, थोडी जमीन कसायला मिळते आहे, एक पीक काढतो आणि येतो, असं त्यात होतं. तात्यांना नमस्कार होता, मला अभ्यासाची ताकीद होती. वहिनीचं नाव नव्हतं, पण तेव्हा पत्रात बायकोचं नाव कुणीच लिहीत नसे, म्हणून त्याचं कुणाला काही वाटलं नाही. त्यानंतर काही नाही. आम्ही लिहिलेली पत्रं आधी नुसतीच गडप व्हायची, मग शिक्के खाऊन परत यायला लागली.

बारा वर्षं माणसाची खबर नसली की आमच्याकडं दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग तो माणूस गेला असं धरायचं. बायकोनं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. आणि मग बाईचं वय असलं, कुणी मागणी घातली, तर तिचं मोहतूर लावता येतं. मोहतूर म्हणजे बाईनं दुसऱ्यांदा घर मांडणं. वाजंत्री नाही, मांडव नाही, पण चार लोकांच्या साक्षीनं आणि मानानं. स्वतःला वरचे म्हणवणाऱ्यांत हे चालत नसे, आमच्यात चालायचं.

वहिनीला मागणी आली होती. वस्तीच्या तोंडाशी ज्यांचा मळा होता त्यांना सगळे मोसंबीवाले म्हणायचे. बायको बाळंतपणात गेलेली, माणूस शांत आणि कामाला वाघ. त्यांनी तात्यांच्या कानावर घातलं की येत्या माघात बारा वर्षं भरतायत, त्यानंतर विचार करावा. तात्यांना त्यात वावगं वाटलं नाही. दादाला मारलेली ती थोबाडीत इतक्या वर्षांत त्यांनाही लागून राहिली होती. निदान पोरीचं तरी भलं होऊ दे, म्हणाले. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, तात्या म्हणतील तसं. आमच्याकडं बाई याहून मोठ्यानं हो म्हणत नाही. मला ते कळलं होतं. मी न कळल्यासारखं केलं.

माझं डोकं फिरलं होतं. भाऊ जिवंत असेल नसेल आणि हा शेजारी त्याच्या मरणाचे दिवस मोजत बसलाय, असं मी भर ओट्यावर बोललो. माझा स्वभाव तापट. शाळेतली पोरंसुद्धा मला टरकून असायची. आणि आता लपवून काय करायचं, त्या रागात भावाची माया होती तेवढाच स्वार्थही होता. माझं लग्न व्हायचं होतं. आई गेलेली. मी शाळेत जायचो आणि मळा सगळा वहिनीच्या जिवावर चालायचा. वांगी, गवार, मेथी तिच्या हातची, बारामतीचा बाजार तिच्याकडं, मला वेळेवर भाकरी तिच्या हातची. ती गेली तर घर उघडं पडणार होतं. हे मी तेव्हा मनातही उच्चारलं नाही. भांडलो ते भावाच्या नावानं.

शेवटी तात्यांनीच तोड काढली.

"मास्तर, जित्या माणसाला जाळल्याचं पाप माज्या माथी नगं. तू येकडाव जाऊन बगून ये. घावला तर घिऊन ये. येत न्हाय मनला तर काडीमोड लिवून घे, सई घे त्याची. आन मेला आसंल तर तसं येऊन सांग. तिन्हीतलं कायबी आण, पर पोरीला मोकळं कर."

काडीमोड म्हणजे नवऱ्यानं बायकोला सोडल्याचं कबूल करणं. ती मिळाली तरी वहिनीचं मोहतूर लागू शकत होतं. म्हणजे दादा घरी येवो, सोडून देवो, नाहीतर मेलेला असो, वहिनीचा प्रश्न सुटणार होता. माझं काम इतकं सोपं होतं.

पासपोर्टाला सहा महिने गेले. मामलेदाराचा दाखला, फौजदाराची चौकशी, शाळाखात्याची परवानगी, मुंबईच्या खेपा. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढली. निघताना वहिनी रस्त्यापर्यंत आली. एरवी ती माझ्याशी बोलताना पदर सावरत, इकडंतिकडं बघत बोलायची. त्या दिवशी सरळ बघून बोलली.

"भावजी, काय आसंल त्ये खरं सांगा. मला कायबी चालंल. पर ह्ये आसं लोंबकाळत ऱ्हायाचं न्हाय चालत आता."

मी हो म्हणालो. एसटी आली.

दौंडहून मद्रास, मद्रासहून धनुष्कोडी, तिथून आगबोट, पलीकडं तलैमन्नारला उतरून पुन्हा आगगाडी. हा प्रवास मी लोकांना रंगवून सांगतो. खरं म्हणजे मला त्यातलं फार थोडं आठवतं.  बंदरावर साहेबानं कशासाठी आलास म्हणून विचारलं तेव्हा भावाला न्यायला आलोय, असं मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ते वाक्य मी गाडीत पाठ करून ठेवलं होतं.

शेवटची गाडी डोंगर चढायला लागली तेव्हा मात्र मी खिडकीशी बसलो. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. प्रत्येक घळीतून, रुळाच्या दोन्ही बाजूंनी, दगडावरून, मुळांवरून ते खाली धावत होतं आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. ना पाणी सोडणारा पाटकरी, ना पाळी, ना भांडण. आमच्याकडं एका रात्रीच्या पाण्यासाठी माणूस सहा महिने दुसऱ्याचं तोंड बघत नाही. मला त्या पाण्याचा राग आला. हे असंच वाहून जाणार असेल तर दादानं कशासाठी मार खाल्ला, असं काहीतरी वेड्यासारखं मनात येत राहिलं.

बंदारवेला लहानसंच गाव. स्टेशनाखालून उतरता बाजार, पत्र्याची छपरं, निलगिरीची उंच झाडं आणि भोवती जिकडंतिकडं चहाचे डोंगर. ते लांबून इतके एकसारखे दिसायचे की हिरवं कापड अंथरल्यासारखं वाटावं. जवळ गेल्यावर त्यात वाकलेल्या बायका दिसायच्या, कपाळावरून पट्टा घेऊन पाठीला टोपली अडकवलेल्या. सकाळी धुकं, दुपारी पाऊस, संध्याकाळी पुन्हा धुकं. थंडी हाडात शिरायची. एका मद्रासी खानावळीच्या माडीवर मला जागा मिळाली. खाली दिवसभर माणसं बोलत आणि मला एक शब्द कळत नसे. वर्गात ज्या पोरांना मी मठ्ठ म्हणून छड्या मारल्या त्यांना असंच वाटत असेल, असं तिथं पहिल्यांदा मनात आलं.

माझ्याजवळ दादाचा फौजेतला फोटो होता. तो घेऊन मी दोन दिवस हिंडलो. टपालकचेरी, पोलीस, दुकानं. सगळे फोटो बघायचे, नाही म्हणून मान हलवायचे आणि मला चहा पाजायचे. तिसऱ्या दिवशी भाजीबाजारात गेलो. कोबी, बीट, लीक नावाची कांद्याच्या पातीसारखी भाजी, सगळी ढिगांनी मांडलेली. एका म्हाताऱ्यानं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. तो तमिळ होता. लढाईच्या वेळी छावणीत कपडे धुवायचा, त्यामुळं त्याला फौजेतलं मोडकंतोडकं हिंदुस्थानी येत होतं. पानीवाला, तो म्हणाला. इथं सगळे त्याला पानीवाला म्हणायचे. म्हणायचे, हे त्यानं असंच सांगितलं, होऊन गेलेल्या माणसाबद्दल सांगतात तसं. मला कळलं, पण मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, चल, दाखवतो.

गावाबाहेर अर्धा तास चढ होता. म्हातारा अनवाणी पुढं आणि मी बुटांनी घसरत मागं. एका वळणावर तो थांबला आणि त्यानं नुसतं बोट दाखवलं. समोरच्या उतारावर एक मोठी तांबडी पट्टी होती. वरून खालपर्यंत डोंगराची कातडी सोलून काढली असावी तशी. तिच्यावर आता गवत आणि झुडपं वाढली होती. पट्टीच्या डाव्या अंगाला जमिनीचा एक तुकडा शाबूत राहिला होता.

तिथं वाफे होते. आमच्या मळ्यात असतात तसे. चौकोनी, सपाट, चारी बाजूंनी वीतभर बांध, मधून पाण्याचा दंड, आणि दर वाफ्याला पाणी घ्यायचं दारं. त्या दाराशी मातीचा गोळा आणि वर चपटा दगड. दादाच तसं करायचा. बाकी सगळे नुसतं ढेकूळ टाकतात, दादा वर दगड ठेवायचा. जिथं आभाळातून आठ महिने पाणी कोसळतं तिथं, त्या उभ्या डोंगरावर, माझ्या भावानं कालव्याच्या पाण्यासाठी करतात तसं रान बांधलं होतं.

म्हाताऱ्यानं सांगितलं ते असं. तिथले लोक उतारावर भाजी करतात तेव्हा पाणी खाली काढून द्यायला चर खणतात. पाणी अडवायचं नाही, जाऊ द्यायचं, ही तिथली पहिली अक्कल. दादानं चर बुजवले आणि बांध घातले. म्हाताऱ्यानं त्याला दरसाल सांगितलं. दादा हसायचा. एवढं पाणी फुकट जाऊ द्यायचं? यासाठी मी गावात मार खाल्लाय, म्हणायचा. पहिली चार-पाच वर्षं त्याची कोबी सगळ्या बाजारात उजवी निघाली, त्यामुळं तो ऐकेनाच. मग एका साली आठ दिवस पाऊस उघडला नाही. वाफे तुडुंब भरले, माती आतून फुगली, आणि एका सकाळी, लोक बाजाराला निघाले असताना, रान आणि रानातली झोपडी दोन्ही खाली आली. दादा झोपडीत चहा करत होता. लोकांनी दोन दिवस खणलं. मग वरचा डोंगर तडकायला लागला तेव्हा सोडून दिलं. तो तिथंच आहे, म्हातारा म्हणाला. याला पाच पावसाळे होऊन गेले होते.

मला रडू आलं नाही. मला इतका संताप आला की म्हातारा दोन पावलं मागं सरकला. मूर्खा, मी मराठीत ओरडलो, अरे मूर्खा, पाणी दिसलं की धरायचंच का? एवढी माणसं कानीकपाळी ओरडत होती. मग मी म्हाताऱ्याच्या खांद्यावरचं कुदळीसारखं अवजार ओढून घेतलं आणि उरलेले बांध फोडायला लागलो. एकेक दारं मोडलं, दगड खाली भिरकावले, दंड तोडला. साचलेलं पाणी वाट मिळेल तसं खाली गेलं. पाऊस सुरू झाला तरी मी थांबलो नाही. शेवटी म्हाताऱ्यानं माझ्या हातातून अवजार काढून घेतलं आणि मला ओढ्यावर नेलं. मी कपड्यांसकट डोकं पाण्याखाली घातलं. भावाच्या नावाचं स्नान एवढंच झालं.

खाली उतरताना मी विचारलं, तो घरचं काही बोलायचा का? पुष्कळ, म्हातारा म्हणाला. कालव्याचं बोलायचा, काकाचं बोलायचा, पाण्याच्या पाळीचं बोलायचा. दरसाल, एवढं पीक काढतो आणि जातो, म्हणायचा. आणि बायकोचं? म्हातारा थांबला. त्याचं लग्न झालं होतं का, असं त्यानं मलाच विचारलं.

परतीच्या वाटेवर मी मन घट्ट केलं होतं. सगळं सांगायचं, फक्त म्हाताऱ्याचा तो शेवटचा प्रश्न सांगायचा नाही, एवढीच सवलत मी स्वतःला दिली होती. मिशा मुद्दाम ठेवल्या; त्या वस्तीवर, सगळ्यांसमोर उतरवायच्या असतात. आमच्याकडं परगावाहून मरणाची खबर घेऊन येणारा माणूस घराचा उंबरा चढत नाही. वस्तीच्या तोंडाशी विहीर आहे, तिथं तो थांबतो. तिथून निरोप धाडतो, मग घरची माणसं विहिरीवर येतात, तिथंच ऐकतात, तिथंच अंघोळी होतात आणि मग सगळे मिळून घरी जातात. त्यामुळं सांगावं लागतच नाही. माणूस विहिरीवर थांबला की लांबूनच सगळ्यांना कळतं. मला त्याचा आधार वाटत होता. थांबलं की झालं, बोलायची वेळसुद्धा येणार नाही.

एसटीतून उतरलो तेव्हा दुपार कलली होती. खांद्याला पिशवी, अंगात ताप. विहीर दिसली. आणि विहिरीवर मोसंबीवाले उभे होते.

त्यांचं तिथं असणं साहजिक होतं. मळा त्यांचा, मोट त्यांची. त्यांनी बैल थांबवले. मला ओळखलं. ते पुढं आले नाहीत. नुसते माझ्या पायांकडं बघत राहिले, मी थांबतो का जातो ते. त्यांच्या तोंडावर जे होतं ते वाईट नव्हतं, हे आज मला कळतं. बारा वर्षं दुसऱ्याच्या दारात चांगली बाई वाळताना बघितलेल्या माणसाची ती आशा होती. पण मला तेव्हा एवढंच दिसलं की माझा भाऊ चिखलाखाली आहे आणि हा माणूस त्या बातमीची वाट बघतोय. टाळूपर्यंत आग गेली. तुला हे सुख मी देणार नाही, असं मनात म्हणालो, अगदी या शब्दांत, आणि मान ताठ करून विहिरीवरून चालत निघून गेलो.

वीस पावलं, जास्त नाही. तेवढ्यात सगळ्या वस्तीला खबर झाली. मास्तर थांबले न्हाईत, मास्तर थांबले न्हाईत, असं कुणीतरी ओरडत पुढं पळालं. घराशी पोचलो तेव्हा वहिनी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्यावरून तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. तात्या ओसरीवर काठी टेकून उभे राहिले होते, त्यांचे डोळे वाहत होते. जिता हाय न्हवं, त्यांनी विचारलं. मी उंबऱ्याच्या आत होतो. मेलेल्या माणसाची खबर घेऊन मी घरात शिरलो होतो, आता ते तोंडातून कसं काढणार? हो, म्हणालो.

एक हो म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप येत गेलं. तब्येत बरी आहे. भाजी करतो. कोबी फार चांगली होते त्याची. कागदपत्रांची अडचण आहे, सरकार सोडत नाही. तात्यांनी काडीमोडीचं विचारलं. काडीमोड आणली असं म्हणावं तर कागद नव्हता. म्हणून म्हणालो, त्याला ते कबूल नाही. तात्या खाली बसले. मोसंबीवाल्यांना नाही म्हणून कळवायला त्यांनी त्याच संध्याकाळी माणूस धाडला. आणि बारा वर्षांची मोजणी मोडली. ती शेवटच्या खबरीपासून धरतात, आणि शेवटची खबर आता मी आणलेली होती.

 तिसऱ्या दिवशी मी मळ्यात गेलो. ती मेथीला पाणी देत होती. मला बघून तिनं वाफ्याचं दारं मातीनं बांधलं, हात धुतले आणि बांधावर आली.

"माजं काय मनले?"

खरं सांगायला अडचण नव्हती; तिथं दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं, ना तात्या, ना मोसंबीवाले. रागही उरला नव्हता. पण मला म्हाताऱ्याचा प्रश्न आठवला, आणि तिच्या तोंडाकडं बघून मला वाटलं, एवढं तरी चांगलं हिला द्यावं. मी म्हणालो, फार आठवण काढत होता. म्हणाला, तिला म्हणावं, थांब.

तिनं ओले हात पदराला पुसले.

"कितीक दिस थांब मनले?"

 किती दिवस ते काही तो बोलला नाही, म्हणालो. तिनं मान हलवली, वाफ्यात उतरली आणि पुढच्या वाफ्याचं दारं मोडून पाणी सोडलं.

कार्तिकापासून वैशाखापर्यंत सहा महिने मला मिळाले होते. रोज सकाळी वाटायचं, आज तात्यांना सांगू. दोनदा तर त्यांच्या खाटेशी जाऊन बसलो. ते माझ्या हातावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, मास्तर, तुज्यामुळं माज्या डोक्यावरचं पाप उतरलं. मी उठून यायचो. माघ आला तसा गेला, पुतळा कुणी केला नाही. खोटं उघडं पडलं तर लोक काय म्हणतील, ही भीती होतीच. पण नुसती भीती नव्हती. संध्याकाळी शाळेतून यायचो तेव्हा चुलीवर भाकरी तयार असायची आणि मळा जागच्या जागी असायचा. ते मोडायला मन होत नव्हतं.

वैशाखात मोसंबीवाल्यांनी लोणी देवकरची मुलगी केली. बोलावणं आम्हालाही होतं. आहेराचं लुगडं वहिनीनं स्वतः बारामतीच्या बाजारातून निवडून आणलं, घडी मोडू नये म्हणून कागदात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. ती आली नाही. गवार तोडणीला आली होती. मी गेलो, आहेर केला, पंगतीला बसलो आणि पोटभर जेवून घरी आलो.